डावरी फुलं

आमच्या शाळेतल्या पृथ्वीच्या गोलाला स्वेटर होता. इंदापूरच्या शाळेत मी रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी तो पाहिला आणि इकडे थंडी फार पडते की काय, अशी मला शंका आली. पांढऱ्या दोऱ्याचा, निळ्या किनारीचा, आणि विषुववृत्तावर नाडी बांधायची सोय केलेला. भूगोलाचे सर तास सुरू झाला की ती नाडी सोडत, मुलांना जग दाखवत आणि घंटा व्हायच्या आत पुन्हा झाकून टाकत. मी हसले तेव्हा त्यांनी अगदी गंभीरपणे सांगितलं की धूळ बसते, शिवाय पोरं बोटं लावतात, आफ्रिका पुसट होत चालली आहे.

तो स्वेटर त्यांनी स्वतः विणला होता. क्रोशाची सुई हा त्यांचा एकमेव शौक. लाल पेनाला टोपी, चष्म्याला घर, थर्मासला बंडी, खडूच्या डब्याला झाकण, छत्रीच्या मुठीला मोजा. जी वस्तू पडू शकते, फुटू शकते, हरवू शकते, ती त्यांच्या हाताखालून कपडे घालूनच बाहेर पडायची. आणि त्यांच्या मते जगात न फुटणारी वस्तू नव्हतीच. शिक्षकांच्या खोलीत सुरुवातीला चेष्टा व्हायची म्हणे. मग एका हिवाळ्यात त्यांनी मुख्याध्यापकांना मरून रंगाची कानटोपी विणून दिली. मुख्याध्यापक ती घालून झेंडावंदनाला उभे राहिले, तेव्हापासून चेष्टा बंद झाली.

घाबरणं हा त्यांचा मुख्य धंदा होता, भूगोल हा जोडधंदा. मी बारामतीहून एस.टी.नं ये-जा करायची. उसाचा हंगाम लागला की रस्त्यावर ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या डुलत जायच्या, आणि त्यातली एखादी नेमकी माझ्याच बसवर कलंडणार, याबद्दल सरांची खात्री असायची. म्हणून ते रोज संध्याकाळी मला स्टँडवर सोडायला यायचे. कंडक्टरला खिडकीतून सांगायचे, "निमगाव केतकीच्या वळणावर सावकाश घ्या बरं का." कंडक्टर मान हलवायचा. बस चालवत असायचा ड्रायव्हर, ही गोष्ट सरांना कुणी कधी सांगितली नाही.

एकदा आम्ही सगळे शिक्षक भिगवणला मासे खायला गेलो होतो. सरांनी आपल्या ताटातला मासा काटे काढून इतका बारीक केला की त्याची चटणी झाली. मग ते आमच्या ताटांकडे बघत बसले. ज्याच्या तोंडात घास जाईल त्याच्या गळ्याकडे त्यांची नजर. शेवटी हिंदीच्या गुरुजींना त्या नजरेनंच ठसका लागला. सर लगेच उठून त्यांच्या पाठीवर थापट्या मारायला लागले, आणि परतीच्या वाटेवर सगळ्यांना सांगत राहिले, मी म्हटलं नव्हतं का.

"एक टाका सुटला की गेलं सगळं, बाई," असं ते ऊठसूट म्हणायचे. क्रोशाचं खरंच तसं असतं. सगळं विणकाम शेवटी एका फासावर लोंबत असतं. तो फास आवळून बंद केला नाही आणि दोऱ्याला हिसका बसला, की महिन्याभराचं काम भराभर उसवून पुन्हा गुंडा होतो. सरांना आयुष्यच तसं दिसायचं.

ही भीती त्यांना कुठून लागली ते मला बऱ्याच उशिरा कळलं. त्यांच्या थोरल्या बहिणीला, आक्काला, एका कानानं ऐकू येत नव्हतं. लग्न ठरवताना घरच्यांनी ते लपवलं. सासरी महिना झाला नाही तोच उघडकीला आलं आणि सासरच्यांनी तिला बैलगाडीत बसवून माघारी धाडलं. सर तेव्हा नुकतेच कॉलेजात जायला लागले होते. कान बरा झाला तर आक्काला परत नेतील, या आशेनं ते तिला एका मिशनच्या दवाखान्यात घेऊन गेले. वऱ्हांड्यात सारखे येरझारा घालायचे. तिथल्या एका नर्सला त्या येरझाऱ्या सहन होईनात, म्हणून तिनं त्यांना समोर बसवलं, हातात सुई आणि दोरा दिला आणि साखळी घालायला शिकवलं. सर मुळात डावरे. लहानपणी मास्तरांनी छड्या मारून लिहिणं उजव्या हातात आणलं होतं, जेवणं आईनं आणलं होतं, पण सुई कुणी आणली नव्हती. नर्स समोर बसलेली. तिचा उजवा हात जसा चालेल तसा यांचा डावा चालायचा, आरशात बघितल्यासारखा. कान काही बरा झाला नाही. आक्का मरेपर्यंत सरांच्याच घरी राहिली. सुई मात्र हातात राहिली.

सरांची मुलगी सुनंदा लग्नाची झाली आणि सरांची झोप उडाली. मुलगी सरांच्या अगदी उलट, खणखणीत. लुना चालवायची, विहिरीवरची मोटार बंद पडली तर स्वतः उघडायची, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायची. माळेगाव बुद्रुकचं स्थळ आलं. घरचा ऊस, मुलगा साखर कारखान्यात नोकरीला. सरांनी मला बघायच्या दिवशी मुद्दाम बोलावलं, कारण बाहेरची बाई बसलेली असली की पाहुणे वाकडं बोलत नाहीत, असा त्यांचा हिशोब.

घर म्हणजे विणकामाचं प्रदर्शनच होतं. दाराला पोपटांचं तोरण, टीव्हीवर झालर, रेडिओवर झालर, खुर्च्यांच्या पाठींना रुमाल, पाण्याच्या तांब्यावर कडेनं मणी लावलेला गोल रुमाल. मुलाची आई उंच, भारदस्त, आवाजाला धार. पोह्यांची बशी हातात घेण्याआधी तिनं तांब्यावरचा तो रुमाल उचलला. उलटा केला, सुलटा केला, मधल्या फुलावरून अंगठा फिरवला. सर माझ्या शेजारच्या खुर्चीत होते. त्यांचा श्वास थांबलेला मला ऐकू आला.

"ह्ये कुणी केलं?" तिनं विचारलं.

"समदं आमच्या सुनंदानंच," सरांच्या बायकोनं एका दमात सांगून टाकलं.

यात काकूंनी काही जगावेगळं केलं नव्हतं. त्या काळी मुलगी दाखवताना घरातलं सगळं शिवणटिपण, विणकाम, भरतकाम मुलीच्या नावावर चढायचं. शेजारणीकडून तासाभरासाठी आणलेला टेबलक्लॉथसुद्धा तिनंच केलेला असायचा. आणि आमचे हे विणतात, असं काकू पाहुण्यांसमोर कुठल्या तोंडानं सांगणार होत्या? त्या बाईंनी सुनंदाला विचारलं, "व्हय गं?" सुनंदानं बापाकडे पाहिलं. बापाचा चेहरा पांढराफटक. तिनं मान हलवली. तोवरच्या आयुष्यात ती एवढं एकच खोटं बोलली असेल, तेही तोंड न उघडता.

"बरं," त्या बाई म्हणाल्या आणि रुमाल पुन्हा तांब्यावर ठेवून दिला. चार दिवसांनी होकार आला. सोबत निरोप होता की रुखवतात मुलीचं विणकाम भरपूर मांडा, आमच्याकडच्या बायकांना बघायचं आहे.

दुसऱ्या दिवशी शाळेत पृथ्वी उघडी होती. पेनाची टोपी गेली, थर्मासची बंडी गेली, छत्रीची मूठ बोडकी झाली. शाळेत माळेगावकडचं कुणी ना कुणी येत-जात असतं, कुणी बघितलं, कुणी तिकडे बोललं तर? सरांनी मुख्याध्यापकांकडे कानटोपीसुद्धा परत मागितली. मुख्याध्यापकांनी ऐन थंडीत ती द्यायला साफ नकार दिला, तेव्हा सरांनी त्यांच्याकडून, कुणी विचारलं तर विकत घेतली म्हणून सांगा, असं कबूल करून घेतलं. मुख्याध्यापक त्या टोपीमुळे खोटं बोलायला तयार झाले, यावरून ती किती उबदार असेल बघा.

लग्नापर्यंतचे महिने सरांनी नकाशांच्या खोलीत काढले. मोकळा तास मिळाला की आत जायचं, कडी लावायची आणि गुंडाळलेल्या नकाशांच्या मागे बसून विणायचं. मी दारावर टकटक केली की आधी आतून विचारणा व्हायची, "कोण? एकट्याच आहात ना?" स्टँडवर येताना सुई आणि दोरा कापडी पिशवीत असायचा आणि दोन्ही हात पिशवीच्या आत. न बघता, नुसत्या बोटांनी ते टाक्यांचे खांब मोजत राहायचे. लोकांना वाटायचं मास्तरांना खाज सुटली आहे.

मधल्या काळात सुनंदाला शिकवायचाही प्रयत्न झाला. ती साखळी अशी आवळून घालायची की सुतळी बरी. सुई आत शिरायची नाही, शिरली तर निघायची नाही. आठवड्याभरानं तिनं माझ्यादेखत सुई बापाच्या मांडीवर ठेवली.

"आण्णा, मला न्हाय जमत. मी सांगून टाकते त्यास्नी."

सरांनी तिचे दोन्ही हात धरले. घाबरले की त्यांची पुस्तकी भाषा गळून पडायची. "न्हाय बाय. आता सांगितलं तर म्हणतील, बघायच्या दिवशी फसवलं. आक्काचं काय झालं ते तुला ठाव हाय ना?" सुनंदा गप्प बसली. बापाच्या त्या धरलेल्या हातांसाठी गप्प बसली, हे मला तेव्हाच दिसलं.

रुखवत देखणं झालं. हंस, कमळ, मोर, तुळशीवृंदावन, सगळं क्रोशाचं. बायका नुसत्या तुटून पडल्या. विहीणबाई मात्र एकेक वस्तू उचलून उलटी करून बघत होत्या. सर मांडवाच्या खांबाला धरून उभे होते, अक्षता टाकायचंही त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

लग्न झालं म्हणजे सुटलो, असं त्यांना वाटलं असेल तर ते चुकलं. विहीणबाईंच्या मागण्या सुरू झाल्या. नणंदेच्या मुलीला पर्स हवी, जावेच्या नातवाला टोपडं हवं, गणपतीत मखराला झालर हवी. सुनंदा सांगायची वेळ मिळाला की करते, आणि निरोप इंदापूरला यायचा. सर विणायचे. आणि बारामतीची म्हणून पोचवायचं काम माझ्याकडे. माझ्या डब्याच्या पिशवीत, डब्याखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती पुडी असायची. सुनंदा बारामतीच्या बाजाराला आली की मंडईच्या कोपऱ्यावर मी ती तिला द्यायची आणि ती मेथीच्या जुडीखाली दडपायची. आम्ही दोघी चोरीचा माल इकडचा तिकडे करतोय की काय, असं बघणाऱ्याला वाटावं. मला सुरुवातीला त्यात गंमत वाटायची. पुढे पुढे मीही मागे वळून वळून बघायला लागले. सरांची भीती संसर्गजन्य होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बस यायच्या आधीच सर स्टँडवर हजर. पोचलं का, कुणी बघितलं का, सुनंदाचा चेहरा कसा होता. मी सांगायची की ती मजेत आहे, रंगानं उजळली आहे, सासू तिला कारखान्याच्या सभेलासुद्धा घेऊन जाते. ते ऐकून त्यांना बरं वाटण्याऐवजी आणखीच धसका बसायचा. "एवढा जीव लावलाय म्हणजे, कळलं की राग पण तेवढाच येणार," असं म्हणायचे. माणूस वाळत चालला होता. मी एकदा चिडून म्हटलं की मीच जाऊन सांगते त्यांना. तर सर स्टँडवरच्या बाकावर मटकन बसले आणि पाणी मागायला लागले. पुन्हा मी तो विषय काढला नाही.

असं करत वर्षं गेली आणि सुनंदाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती इंदापूरला आली. मुलगा झाला. सर आनंदानं नाचायच्या ऐवजी बाळाच्या पाळण्याच्या दोऱ्या ओढून ओढून बघत होते. बारशाच्या आधी शेजारच्या घरी विहीणबाईंचा फोन आला. बाळाचं टोपडं सुनंदाला विणायला सांगा, पण शेवटची ओळ शिल्लक ठेवू दे. ती तिनं बारशाला माझ्यासमोर घालायची, असं त्यांनी बजावलं.

सर शाळेत आले ते नकाशांच्या खोलीत न जाता सरळ माझ्यापाशी आले. "संपलं, बाई," एवढंच म्हणाले. मलाही दुसरं काही दिसत नव्हतं. एवढ्या वर्षांनी ती बाई चार बायकांत परीक्षा घेणार होती.

बारशाच्या दिवशी मी गेले तर सर मागच्या दारी उभे. खिशात बँडेजपट्टीची गुंडाळी. त्यांचा बेत असा की सुनंदाच्या हाताला पट्टी बांधायची आणि भाजलं म्हणून सांगायचं. सुनंदा बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं पट्टीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि मान वळवली. बापाच्या हट्टापुढे पोरगी पहिल्यांदाच नमली नाही.

नाव ठेवून झालं. बायका घुगऱ्या खात पाळण्याभोवती बसल्या. पुरुष बाहेर मांडवात होते, पण सर घुगऱ्यांची परात घेऊन दारात खिळलेले. विहीणबाईंनी ते पांढरं टोपडं उचललं. शेवटच्या टाक्यात काकूंनी सेफ्टीपिन अडकवून ठेवली होती. सुई आणि टोपडं त्यांनी सुनंदापुढे धरलं.

सुनंदानं ते घेतलं नाही. "आत्या, मला इणता येत न्हाय," ती म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही. "कवाच येत नव्हतं. ह्ये समदं आण्णांनी केलंय."

काकूंनी पदर तोंडाला लावला. दारातली परात कलली आणि थोड्या घुगऱ्या उंबऱ्यावर सांडल्या.

"ठाव हाय मला," विहीणबाई म्हणाल्या.

त्या उठून सरांपाशी आल्या. परात त्यांच्या हातातून काढून माझ्याकडे दिली आणि सुई त्यांच्यापुढे धरली. डाव्या हातापुढे. मग बायकांकडे वळून त्यांनी टोपडं पालथं करून दाखवलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. आपण सगळ्या विणतो ते ज्या बाजूनं गोल फिरतं, त्याच्या उलट बाजूनं हे फिरलं आहे. तांब्यावरच्या रुमालाचं फूल तसंच, रुखवतातलं कमळ तसंच, मखराची झालर तशीच. फुलं सगळी डावरी. आणि सून तर पहिल्या दिवसापासून उजव्या हातानं पोहे देत होती, उजव्या हातानं भाकरी थापत होती. मग पाहुण्यांच्या घरी डावरं कोण, एवढंच बघायचं राहिलं होतं. रुखवतापाशी सर घाम पुसत होते तो डावा हात विहीणबाईंनी बघून ठेवला होता.

काकूंनी तोंडावरचा पदर काढून विचारलं, मग इतकी वर्षं मागत कशाला राहिलात?

"पाव्हणं कवा बोलत्यात ते बघत हुते. दर येळंला वाटायचं, आता सांगतील. ह्यांनी तर रुमालावर रुमाल धाडला."

बायका हसल्या. मीसुद्धा हसले. सर हसले नाहीत. त्यांनी सुई हातात घेतली नव्हती.

"म्हंजे… पोरीला माघारी धाडनार न्हाय तुमी?"

विहीणबाईंच्या चेहऱ्यावरची गंमत पुसली गेली. आपण गंमत म्हणून मागत होतो आणि इकडे हा माणूस कशाच्या धाकानं विणत होता, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

"माघारी कशापायी?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मला सून पायजे हुती. ती मिळाली की." मग त्यांनी आपल्या शेजारी सतरंजीवर जागा केली. "बसा हितं. शेवटची वळ घाला. पोराच्या डोस्क्याला वारं लागतंय."

सर बायकांच्या घोळक्यात मांडी घालून बसले. पहिले दोन खांब चुकले, ते उसवावे लागले. विहीणबाईंनी बोटांत दोरा ताणून धरला, तेव्हा कुठे जमलं. शेवटचा फास त्यांनी आवळला, दोरा कापला आणि टोपडं स्वतःच्या हातानं नातवाच्या डोक्यावर चढवलं. लगेच फर्मान आलं, आता ह्याच दोऱ्याचे मोजे.

संध्याकाळी सर नेहमीप्रमाणे मला सोडायला आले. मला वाटलं, आज तरी हा माणूस मोकळा हसेल, काहीतरी बोलेल. पण तहसील कचेरी मागे गेली, बाजार मागे गेला, ते चालतच राहिले. स्टँडच्या फाटकाशी येऊन थांबले.

"बाई, आक्काच्या येळंला आमीच आधी सांगितलं असतं तर?"

बारामतीची बस लागली होती, मी चढले आणि खिडकीपाशी बसले. त्यांनी कंडक्टरला निमगाव केतकीच्या वळणाचं सांगितलं नाही. असं त्या एकाच दिवशी झालं.

ड्रायव्हर बस मागे घेत असताना मी बाहेर पाहिलं. भरल्या स्टँडवर, माणसांच्या मधोमध सर उभे होते. पिशवी खांद्याला, आणि हात पिशवीच्या बाहेर. डाव्या हातातली सुई भराभर चालली होती, बाळाचा पहिला मोजा बोटभर झाला होता. लोक थांबून बघत होते. सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता.